गेमबॉय उघडताना स्क्रूंची अदलाबदल टाळा

जुना गेमबॉय ॲडव्हान्स (हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेमचा कन्सोल) स्क्रीन बदलायला उघडला की सगळे स्क्रू एका वाटीत पडतात आणि बंद करताना कुठला कुठे, तेच कळत नाही. आमच्या नाशिकात चिवड्याचा पुठ्ठ्याचा खोका घरोघरी असतो. त्याचं झाकण इथे कामाला येतं.

१. सेल आणि कार्ट्रिज (गेमची कॅसेट) काढून घ्या.

२. कन्सोल झाकणावर पालथा ठेवा, पेन्सिलीने भोवती रेघ मारा. मागे तीन पाकळ्यांच्या खाचेचे सहा स्क्रू असतात आणि सेलच्या खणात एक साधा चार खाचांचा. सातही जागा टिंबांनी दाखवा.

३. स्क्रू काढला की लगेच त्याच्याच टिंबावर टोचा. आतल्या बोर्डाच्या स्क्रूंसाठी शेजारी दुसरं चित्र काढा. टोचलेला स्क्रू धक्का लागला तरी घरंगळत नाही, आणि काम आठवडाभर अर्धवट राहिलं तरी घोळ होत नाही.

तीन पाकळ्यांचा स्क्रू ड्रायव्हर एम. जी. रोडवर मोबाईल दुरुस्तीचं सामान मिळतं तिथे विचारा. चपट्या ड्रायव्हरने रेटू नका. खाच झिजली की तो स्क्रू निघता निघत नाही.

नवी स्क्रीन मागवण्याआधी बोर्डावरच्या डिस्प्ले कनेक्टरच्या (स्क्रीनची केबल जिथे जोडतात त्याच्या) पिना मोजा. काही बोर्ड ३२ पिनांचे, काही ४० पिनांचे असतात, आणि त्यानुसार पट्टीची केबल बदलते. पैसे बहुतेक इथेच वाया जातात.

सांभाळायचं एकच: बंद करताना स्क्रू आधी उलटा फिरवा, टक् करून जुन्या आट्यात बसला की मगच हलक्या हाताने आवळा. प्लास्टिक वीस वर्षांहून जुनं आहे.