जुन्या जीपचे मागचे डिफरन्शिअल: नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी काही अनुभव

आयटीआयचा ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून गॅरेजमध्ये येणाऱ्या मुलांना इंजिनच्या कामाची लवकर गोडी लागते, मात्र मागच्या डिफरन्शिअलचे (इंजिनचा जोर दोन्ही मागच्या चाकांना देऊन वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जुळणीचे) झाकण उघडायची वेळ आली की बहुतेक जण मोठ्या मिस्त्रींकडे बघतात. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. या कामात पाना चालवण्यापेक्षा मोजमाप अधिक असते, आणि चुकलेले मोजमाप गाडी रस्त्यावर गेल्याखेरीज कळत नाही. कोल्हापुरात जुन्या जीपांची कामे करताना मला जे उमगले, ते या वाटेवर नव्याने आलेल्यांसाठी येथे लिहीत आहे.

मी जिच्याविषयी लिहितो ती अमेरिकेच्या विलीस कंपनीच्या घराण्याची जुनी जीप, म्हणजे आपल्याकडे महिंद्राने वर्षानुवर्षे बनवलेली सीजे-3बी आणि तिच्या वळणाच्या गाड्या. सीजे-3बीच्या मागच्या एक्सलला स्पायसर 44 म्हणतात. त्यात क्राऊनला (मोठ्या कड्यासारख्या गिअरला) 43 आणि टेल पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला) 8 दात असतात, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट (पुढून मागच्या एक्सलकडे येणारा फिरता दांडा) साधारण 5.38 वेळा फिरला की चाके एकदा फिरतात. पुढे एक्सल बदललेल्या गाड्या पुष्कळ भेटतात, त्यामुळे सुटे भाग मागवण्यापूर्वी दात स्वतः मोजावेत. मारुतीच्या जिप्सीचे डिफरन्शिअल हौसिंगमधून (एक्सलच्या बाहेरच्या कवचातून) अख्खे बाहेर काढून टेबलावर बसवता येते. जीपमध्ये ती सोय नाही, सर्व जुळणी हौसिंगमध्येच करावी लागते आणि म्हणूनच तिथे घाई अजिबात चालत नाही.

पहिले काम कानाचे आहे. मालक ‘मागून आवाज येतो’ एवढेच सांगतो. तो आवाज केव्हा येतो हे शोधणे आपल्याकडे असते. एक्सिलरेटर दाबल्यावर येतो, सोडल्यावर येतो, की फक्त वळणावर येतो? सरळ रस्त्यावर शांत असलेली गाडी वळताना कटकट करीत असेल तर आधी स्टार गिअर (डिफरन्शिअलच्या आतले छोटे गिअर) आणि त्यांचे वॉशर पाहावेत, कारण दोन्ही चाकांचा वेग सारखा असताना ते गिअर एकमेकांवर फिरतच नाहीत. गिअरवर गाडी ओढताना पिनियनचा जोर तिच्या डोक्यामागच्या आतल्या बेअरिंगवर येतो, आणि एक्सिलरेटर सोडून उतारावर इंजिनच्या ब्रेकने गाडी उतरवताना तो जोर फ्लँजकडच्या (प्रोपेलर शाफ्ट जोडायच्या चकतीकडच्या) बाहेरच्या बेअरिंगवर जातो. एवढी एक गोष्ट ध्यानात राहिली तरी निम्मे निदान खाली न वाकता होते. चाकाच्या बेअरिंगचा घोंघाट मात्र स्टिअरिंग हलकेसे डावी-उजवीकडे घेतल्यावर कमी-जास्त होतो. त्याची आणि डिफरन्शिअलच्या आवाजाची गल्लत करू नये. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉसही (टोकांचे फिरते सांधे) आधी तपासावेत, कारण गिअर टाकताना येणारा ‘खट्’ आवाज अनेकदा तिथलाच असतो.

गगनबावड्याकडच्या एका शेतकऱ्याची जीप अशीच आली होती. घाट चढताना काही नाही, उतरताना मात्र सतत घोंघाट. जीप उभी करून पिनियनचा फ्लँज दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे ओढला तेव्हा तो जरासा सरकला. तिथे सरकणे मुळीच असता कामा नये. दातांमधला फिरता प्ले वेगळा आणि पिनियनचे असे पुढे-मागे होणे वेगळे. फ्लँजजवळचे ऑइल सील पाझरत होते आणि त्याभोवती धुळीचा ओला थर बसला होता.

तेल काढताना भांडे स्वच्छ घ्यावे आणि धार सुरू झाल्यापासून तिच्याकडे लक्ष ठेवावे. त्या जीपचे तेल आधी पाण्यासारखे पातळ आणि मग दुधाळ, करडे असे आले. दोन बोटांत चोळले तेव्हा बारीक काळी पूड लागली, आणि लोहचुंबक फिरवल्यावर त्या पुडीत बाभळीच्या पानाएवढ्या चकाकत्या चकत्या चिकटल्या. पुडीची काळी लापशी ही झिजेची खूण असते आणि जुन्या गाडीत ती थोडीफार मिळणारच. चकत्या मिळाल्या तर कुठेतरी बेअरिंगचा किंवा दाताचा पृष्ठभाग सुटू लागला आहे असे धरावे. पाणी आत कसे गेले हेही शोधावे लागते. चालून तापलेला एक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि एक्सलवरचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची छोटी वाट) चिखलाने बुजलेला असेल तर ती ओढ सीलमधून पाणी आत खेचते. ब्रीदर साफ न करता नवे बेअरिंग बसवले तर तोच आजार पुढच्या पावसाळ्यात परत येतो. ब्रीदर साफ करायला दोन मिनिटे लागतात, आणि माझ्या मते सह्याद्रीत चालणाऱ्या प्रत्येक जीपच्या दर सर्व्हिसिंगला ते व्हायलाच हवे.

गाडी वर घेताना एक गोष्ट नव्या मुलांना ठाऊक नसते. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी असतो. शाफ्ट सोडला की मागच्या चाकांना हँडब्रेक उरत नाही. शाफ्ट जागेवर असतानाही एकच मागचे चाक उचलले तर ते अधांतरी चाक उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक पुढे सरकू शकते, कारण डिफरन्शिअलचा धर्मच तो आहे. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवावी. एक्सल शाफ्टची टोके निमुळती असून हब (चाक बसायचा मधला भाग) त्यावर चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी पट्टीने) घट्ट बसलेला असतो. तो पुलरनेच काढावा. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारला तर तो धक्का दोन्ही शाफ्टांच्या मधल्या ठोकळ्यातून पलीकडच्या बेअरिंगपर्यंत पोहोचतो आणि चांगले बेअरिंग नाहक खराब होते.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सारे लिहिले तो. झाकण उघडल्यावर काहीही सोडण्यापूर्वी जुनी जुळणी मोजून वहीत लिहून ठेवावी. डायल गेजचे (बारीक हालचाल मोजणाऱ्या साधनाचे) टोक क्राऊनच्या दातावर लावून बॅकलॅश (दातांमधली फिरती मोकळीक) तीन-चार ठिकाणी घ्यावा, दातांना मार्किंग ब्ल्यू (खुणेचा निळा रंग) लावून जुना ठसा (दात एकमेकांना कुठे टेकतात ती खूण) पाहावा आणि त्याचा फोटो काढावा. बेअरिंगच्या दोन्ही कॅपवर आणि त्यांच्या शेजारी हौसिंगवर खुणेची अक्षरे असतात. ती नसतील तर पंचने स्वतः खूण करावी, कारण कॅप हौसिंगसोबतच मशीन केलेले असतात आणि ते डावे-उजवे वा उलटसुलट झालेले चालत नाहीत. डावी शिम (जुळणीसाठी घालायची पातळ चकती), उजवी शिम, पिनियनच्या आतल्या बेअरिंगमागची शिम आणि बाहेरच्या बेअरिंगजवळचा शिमचा पुडा यांना वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून मायक्रोमीटरने मोजावे व चिठ्ठी बांधावी. क्राऊन-पिनियन तेच राहणार असेल तर कारखान्याने ठरवलेली पिनियनची खोली या जुन्या शिममध्येच नोंदलेली असते. ती फेकली की पुढची दिशा अंदाजाने शोधावी लागते.

क्राऊन आणि पिनियन ही जोडी एकमेकांवर घासून तयार केलेली असते, म्हणून एकाचा दात गेला तरी दोन्ही बदलावीत आणि जुळणीचा आकडा दोहोंवर एकच असल्याची खात्री दुकानातच करावी. पिनियनच्या डोक्यावर अधिक, उणे किंवा शून्य असा आणखी एक आकडा कोरलेला असतो, तो इंचाच्या हजारांश भागांत असतो. जुन्या पिनियनवर अधिक 2 आणि नव्यावर उणे 1 असेल तर आतल्या बेअरिंगच्या कपामागे (बाहेरच्या कड्यामागे) 0.003 इंच शिम वाढवून सुरुवात करावी. मागे जितकी शिम वाढवली तितकीच बाहेरच्या पुड्यातही वाढवावी लागते, नाहीतर बेअरिंग आवळले जाते. या पुड्यातून शिम काढली की बेअरिंग घट्ट होते, घातली की सैल. घट्टपणा मोजायला महागडे साधन नसेल तर साधा स्प्रिंगचा काटा चालतो: ऑइल सील आणि क्राऊन बसवण्यापूर्वी फ्लँजभोवती दोरी गुंडाळून एकसारखी ओढावी. दोरीची त्रिज्या 2 इंच असून काटा 12 पाउंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास दाखवत असेल तर 24 इंच-पाउंड झाले. या एक्सलच्या नव्या बेअरिंगला साधारण 20 ते 40 इंच-पाउंड चालते, वापरलेल्याला त्याहून कमी.

ठसा वाचणे हा या कामातला सर्वांत सुंदर भाग आहे. काही जुने मिस्त्री ब्ल्यूऐवजी तेलात कालवलेला शेंदूर लावतात. रंग छान उठतो, पण तो शिशाचा असल्यामुळे हातमोजे घालावेत. क्राऊनला लाकडाने अडवून पिनियन दोन्ही दिशांना फिरवावे आणि ओढणाऱ्या बाजूचा ठसा आधी बघावा. तो दाताच्या मुळाशी खोल उमटला असेल तर पिनियन फार आत आहे, शिम कमी करावी. दाताच्या माथ्याशी असेल तर वाढवावी. ठसा आतल्या अरुंद टोकाकडे गेला असेल तर क्राऊन पिनियनपासून थोडे दूर न्यावे, बाहेरच्या रुंद टोकाकडे असेल तर जवळ आणावे, आणि त्यासाठी एका बाजूची शिम काढून तेवढीच दुसऱ्या बाजूला घालावी, म्हणजे बाजूच्या बेअरिंगचा दाब बदलत नाही. एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक ठशापुढे शिमचा आकडा लिहावा. आकड्यात बसणारा बॅकलॅश आणि वेडावाकडा ठसा अशी परिस्थिती आली तर ठशावर विश्वास ठेवावा आणि पिनियनच्या खोलीकडे परत जावे.

शिकाऊ उमेदवारी करणाऱ्यांनी पहिल्या पगारांतून मोठा पानासंच घेण्यापेक्षा चुंबकी स्टँडसह डायल गेज, मायक्रोमीटर आणि टॉर्क रेंच घ्यावा असे माझे ठाम मत आहे. हव्या त्या जाडीची शिम दुकानात मिळाली नाही तर कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात ग्राइंडिंग करून देणारे कारागीर आहेत. त्यांना ‘थोडी पातळ करा’ असे न सांगता आकडा लिहून द्यावा. मिस्त्री ठसा बघत असताना शेजारी उभे राहून ‘तुम्हाला यात काय दिसले?’ असे विचारायला संकोच करू नये. बहुतेक जाणती माणसे मोकळेपणाने सांगतात.

त्या जीपला पिनियनची दोन्ही बेअरिंगे, सील आणि ब्रीदर नवे पडले, क्राऊन-पिनियन वाचले. भरताना हायपॉइड गिअरला (अशा क्राऊन-पिनियनला) चालणारे जीएल-5 दर्जाचे 80डब्ल्यू-90 तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत घातले. नवी जोडी असो वा नवी बेअरिंगे, पहिले वीस-पंचवीस किलोमीटर गाडी हलक्या हाताने चालवून थंड होऊ द्यावी, हौसिंगवर हात ठेवून पिनियनकडची बाजू बाकीच्यापेक्षा फार तापली नाही ना ते पाहावे, आणि मालकाला ओझे व ट्रेलर काही दिवस टाळायला सांगावे. साधारण 800 किलोमीटरनंतर तेल बदलायला त्याला बोलवावे, आणि तेव्हाही भांडे स्वच्छ घेऊन त्या तेलात लोहचुंबक फिरवावे.