अंटार्क्टिकात गाड्या सांभाळताना या चुका टाळा

नवी तुकडी आली की गाड्यांच्या त्याच त्या चुका सुरू होतात. सगळ्यात जास्त छळलंय ते इंधनातल्या पाण्याने.

एकदा आमचा ताफा किनाऱ्याकडून संशोधन स्टेशनकडे निघाला होता. उणे 28 अंश, वर वारा. मधली पिस्टनबुली, म्हणजे पट्ट्यांवर चालणारी बर्फातली गाडी, धापा टाकू लागली आणि चढावर बंदच पडली. फिल्टर उघडला तर आत साखरेसारखे बर्फाचे कण. जाड हातमोजे घालून तो निघेना, आणि इंधनाने भिजलेला हात तिथे बघता बघता बधिर होतो. दोघं आळीपाळीने तासभर झटलो. नंतर कारण सापडलं. पिंपं उभी ठेवली होती. वरच्या खोबणीत साचलेला बर्फ उन्हाने वितळला, आणि रात्री पिंप गार होऊन हवा ओढू लागलं तसं ते पाणी बुचाजवळून आत गेलं. त्यात भरणाऱ्याने घाईघाईत पंपाची नळी पार तळाला टेकवली. पाणी जड, ते तळाशीच बसतं!

माझी पिंपं आडवी असतात, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे आतून इंधनात बुडालेली. वापरायच्या आदल्या दिवशी पिंप उभं करून ठेवतो आणि नळी तळापासून चार बोटं वर धरतो. तळाचं इंधन वेगळ्या डब्यात जातं, बर्फावर एक थेंबही नाही.

इंजिन थंड ठेवणारा द्रव, म्हणजे कूलंट, पाणी न मिसळता निव्वळ ओतू नका. तो मुख्यतः एथिलीन ग्लायकॉल असतो. शुद्ध ग्लायकॉल उणे 13 च्या आसपासच गोठतं. त्यात 40 टक्के पाणी घातलं तर ते उणे 50 च्या आसपास तग धरतं. हे सांगितलं तरी कोणीतरी ओततोच.

उतरलेली बॅटरी गाडीत ठेवू नका, ती गोठून फुटते. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नका.

गाडी उभी करताना पट्ट्यांखाली फळ्या घाला. वादळाआधी हवेच्या जाळ्या झाका, नाहीतर भुकटीसारखा बर्फ आत घुसून इंजिनाभोवती घट्ट बसतो.

इंजिन गरम करणारा हीटर पुरेसा चालू न देता स्टार्टर मारणाऱ्यांचा मला राग येतो. घट्ट झालेलं ऑइल बेअरिंगपर्यंत पोचायच्या आत इंजिन कोरडं घासतं.

आणि झेंडे लावून आखलेली वाट सोडू नका. भेगेवरचा बर्फाचा पूल वरून सपाटच दिसतो. तो ओळखायला पुढच्या गाडीला बर्फाच्या आतलं दाखवणारं रडार लावावं लागतं. दोन किलोमीटर वाचवायला वाट सोडणाऱ्याच्या गाडीत मी बसत नाही.