कांदेबागेतील करपा आणि कापणीनंतरची केळीची कूज

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा आणि मुक्ताईनगर पट्ट्यात गेल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावलेल्या केळीच्या बागा, म्हणजे कांदेबागा, सध्या निसवणीत (घड बाहेर पडण्याच्या) किंवा घड भरण्याच्या अवस्थेत आहेत. ढगाळ हवा, सततची रिमझिम आणि पानांवर तासन्‌तास टिकणारा ओलावा यांमुळे सिगाटोका करपा हा पानांचा बुरशीजन्य रोग याच दिवसांत जोर धरतो. त्याचे नुकसान आपण घडाच्या वजनात मोजतो. परंतु बराचसा तोटा पुढे ट्रकमध्ये आणि पिकवणीच्या खोलीत उघड होतो, आणि तेव्हा त्याचा संबंध बागेतल्या पानांशी कोणी जोडत नाही.

करप्याची बुरशी स्वतः फळात शिरत नाही. ती पाने जाळते आणि त्यामुळे घडाचे पोषण तुटते. निसवण झाल्यावर केळीला नवीन पान येत नाही, म्हणून त्या वेळी झाडावर असलेल्या पानांवरच घड शेवटपर्यंत भरावा लागतो. निसवणीला 10 ते 12 आणि कापणीला किमान 7-8 कार्यक्षम पाने असावीत. पाने कमी पडली की फळ सावकाश भरते, धारा (फळाच्या उभ्या कडा) गोल व्हायला उशीर लागतो, आणि जाडी पाहून कापणी करणारा व्यापारी घड आणखी काही दिवस थांबवतो. अशा फळाची जाडी कोवळ्या मालाची असली तरी त्याचे वय झालेले असते. हिरवे राहण्याची त्याची मुदत बागेतच संपत येते आणि ते दिल्ली-पंजाबच्या वाटेवर पिकू लागते. एक फणी पिकली की तिच्यातून निघणारा इथिलीन वायू शेजारच्या फण्याही पिकवतो, आणि पिकू लागलेल्या फळात कुजीच्या बुरशींना विरोध करण्याची ताकद फारशी उरत नाही.

दुसरा संबंध अधिक थेट आहे. झाडावर लोंबणारी वाळलेली पाने, घडाखाली अडकलेली केळफुलाची साले आणि फळांच्या टोकावरचे सुकलेले फुलोरे यांवर कोलेटोट्रिकम ही अँथ्रॅकनोजची बुरशी वाढते आणि पावसाच्या थेंबांबरोबर तिचे बीजाणू हिरव्या फळावर उतरतात. तेथे ती सालीत सुप्त राहते. फळ पिकताना मात्र काळे खोलगट डाग पडतात व त्यांवर नारिंगी-गुलाबी थर दिसतो. फणी दांड्यापासून कापल्यावर उरणाऱ्या भागाला, म्हणजे क्राउनला, जी कूज लागते तिच्यातही हीच बुरशी असते. सोबत लॅसिओडिप्लोडिया आणि फ्युजेरियम या बुरशीही असतात. या सर्वांना आत शिरायला ताजा काप पुरतो.

म्हणून आता पहिले काम पानांचे. वरून तिसरे-चौथे पान उजेडाकडे धरून पाहिल्यास शिरांना समांतर अशा बारीक पिवळसर रेषा दिसतात. उपचाराची वेळ तीच, कारण राखाडी मध्याचे तपकिरी ठिपके दिसेपर्यंत रोग जुना झालेला असतो. पानाचा रोगट तेवढाच भाग कापावा. हिरवे पान सरसकट छाटण्याची घाई अनेक बागांत होते आणि ती करप्याइतकीच महाग पडते. कापलेला पाला बागेबाहेर नेऊन नष्ट करावा, बुंध्याजवळ फुटून वाढलेली पिले काढावीत आणि साचलेल्या पाण्याला वाट करून द्यावी. फवारणीसाठी प्रोपिकोनाझोल 25 ईसी 1 मिली आणि फवारणीचे खनिज तेल 10 मिली प्रतिलिटर पाण्यात घ्यावे. 25 ते 30 दिवसांनी पुन्हा फवारायचे झाल्यास वेगळ्या गटातील शिफारशीत बुरशीनाशक वापरावे, म्हणजे बुरशी औषधाला सरावत नाही. माल निर्यातीला जाणार असेल तर चालणाऱ्या औषधांची यादी खरेदीदाराकडून आधीच घ्यावी आणि लेबलवरील प्रतीक्षा काळ (शेवटची फवारणी ते कापणी यांतील दिवस) पाळावा.

ज्या झाडांवर पाने आधीच कमी झाली आहेत, त्यांच्या घडावर कमी फण्या ठेवाव्यात. खालच्या लहान फण्या लवकर काढल्या तर उरलेल्या फण्या वेळेत भरतात. केळफूल आणि फुलोरे वेळेवर काढावेत. निसवणीच्या आठवड्यानुसार घडाला रंगीत फीत बांधावी आणि कापणी जाडीऐवजी फितीवरून, म्हणजे घडाच्या वयावरून, ठरवावी. करप्याने ग्रासलेल्या ओळींचा माल वेगळा कापून जवळच्या बाजारात द्यावा, तो दूरच्या गाडीत चढवू नये. आमच्या मते या हंगामातील सर्वांत स्वस्त उपाय हाच आहे, आणि सर्वांत कमी वापरला जाणाराही हाच.

कापणीच्या दिवशी घड जमिनीवर टेकवू नयेत. घडांखाली किंवा गाडीत गादी म्हणून करपलेली, वाळलेली पाने अंथरणे थांबवावे, कारण त्यातून बीजाणू थेट ताज्या कापावर पोहोचतात. फण्या धारदार, स्वच्छ सुरीने एकाच सरळ कापाने वेगळ्या कराव्यात आणि क्राउन पुरेसा रुंद ठेवावा. फाटलेल्या, दातेरी कडेतून कूज लवकर सुरू होते. चीक धुण्याचे तुरटीचे पाणी गढूळ होण्याआधी बदलावे, फण्या निथळल्यावरच खोक्यात भराव्यात आणि शीतगृहाची सोय असेल तेथे माल त्याच दिवशी 13 ते 14 अंश सेल्सिअसला न्यावा. त्याहून कमी तापमानात साल काळवंडते.