आठ फुटी फळी, चार फुटी मशीन

जॉइंटरचं (फळीची कड सरळ रंधणाऱ्या मशीनचं) टेबल चार फुटी आणि सागाची फळी आठ फुटी असेल, तर हाताने दाबून भागत नाही, घोडी (फळीला आधार देणारा स्टँड) लागतेच. (दोन-दोन फुटांचे तुकडेच हवे असतील तर आधी कापून घ्या, निम्मं काम वाचतं.)

घोडी फळी बाहेर येते त्या बाजूला ठेवा. उंचीसाठी लांब सरळ पट्टी मशीनच्या मागच्या, म्हणजे फळी बाहेर येते त्या टेबलावर टेकवून घोडीपर्यंत न्या. घोडीपाशी पट्टीखाली पोस्टकार्ड सरकेल एवढी फट हवी. घोडी केसभर जरी वर राहिली तरी फळी पात्यावरून उचलली जाते आणि कड सरळ निघत नाही. घोडीच्या माथ्यावर माझी पसंती रोलरपेक्षा मेण घासलेल्या लाकडी पाटाला, कारण रोलर जरा तिरका झाला की फळीला बाजूला ओढतो. पाटाची पुढची धार मात्र उतरती तासा, नाहीतर फळीचं टोक तिथेच अडतं.

जाडी काढायच्या प्लेनरला उलट हिशेब. तिथे घोडी किंचित उंच ठेवा. फळी आत शिरताना शेपूट थोडी उचला, बाहेर पडताना पुढचं टोक. टोक लोंबलं की शेवटच्या दोन-तीन इंचांत खड्डा पडतो, म्हणून दोन्हीकडे तेवढी लांबी जास्तच ठेवा.