उतारावरही सायकल मंदावते तेव्हा

नागपुरात सेमिनरी हिल्सवरून फुटाळा तलावाकडे उतरताना पायडल न मारताही सायकल सुसाट जायला हवी. माझी मागच्या मे महिन्यात मधेच दम सोडायची. पायडल थांबवल्यावर वेग जातो, म्हणजे चेन-गिअरच्या मागे लागू नका. दोष बहुतेक चाकांतच असतो.

आधी हवा. टायरच्या कडेला छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा, अंगठ्याने दाबून अंदाज करू नका.

मग सायकल उलटी करून एकेक चाक फिरवा. चाक हळूहळू थांबून वजनदार बाजू खाली यावी, थोडं मागेपुढे झुलावं. खर्र आवाज आला तर ब्रेकचं रबर रिमला घासतंय. एकाच जागी घासलं तर चाक आउट, म्हणजे वाकडं आहे, चाकाच्या तारा (स्पोक) ओढून घ्या.

आवाज नाही, तरी चाक झटकन थांबतं? मग हब, म्हणजे चाकाचा मधला भाग. त्यातला दांडा, एक्सल, बोटांनी फिरवा. खरखर लागली तर कोन (बेअरिंगचे छर्रे धरून ठेवणारा शंकूसारखा नट) जास्त आवळलाय किंवा ग्रीस वाळलंय. माझ्या मागच्या हबमध्ये धुळीने ग्रीसची काळी पेस्ट झाली होती. छर्रे रॉकेलमध्ये धुतले, खड्डे पडलेले बदलले, नवं ग्रीस भरलं. कोन हाताने टेकवून किंचित सैल करा, तो पान्याने धरूनच चेकनट (कोनाला जागेवर पक्का करणारा बाहेरचा नट) आवळा. चाक डावी-उजवीकडे हलवून पाहा, खडखड नको. इथे घाई केली की छर्रे कोनाला खातात.