समुद्रातील जुने तेलमंच उतरवताना खर्च आणि वेळ कसे सांभाळावेत

मुंबई हाय क्षेत्रात १९७४ साली तेल सापडले आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. तिथल्यासारखे जुने मंच, म्हणजे तेल काढण्यासाठी समुद्रात उभारलेले पोलादी चौथरे, उतरवण्याच्या, म्हणजे मोडून काढून नेण्याच्या कामात बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आपल्या तरुण अभियंत्यांनाही वाटा मिळावा, असे मला मनापासून वाटते. हे टिपण त्यांच्यासाठी आहे.

अंदाजपत्रकाची सुरुवात विहिरींपासून करावी. डोळ्यांत भरतो तो पोलादी सांगाडा, पण सर्वाधिक पैसा बहुधा विहिरी कायमच्या बंद करण्यातच जातो, कारण प्रत्येक विहिरीत सिमेंटचा बूच घालून त्याची दाबचाचणी घ्यावी लागते आणि जुन्या केसिंगमागचे (विहिरीत बसवलेल्या पोलादी नळीमागचे) सिमेंट कितपत शाबूत आहे, हे पुष्कळदा विहीर उघडल्यावरच कळते. म्हणून सर्व विहिरींना एकच सरासरी दर लावू नये. उत्पादन चालू असतानाच नोंदी गोळा कराव्यात, केसिंगमधला दाब मोजावा आणि अवघड विहिरी वेगळ्या काढून त्यांच्यासाठी रिगचे (विहिरीवर काम करणाऱ्या यंत्रसंचाचे) जादा दिवस धरावेत.

जून ते सप्टेंबर या काळात समुद्र खवळलेला असल्यामुळे जड उचलीचे काम पावसाळ्याबाहेरच बसवावे लागते. क्रेन बार्ज, म्हणजे अवजड क्रेन बसवलेला तराफा, येऊन उभा राहिला आणि पाइपलाइन साफ झालेली नसेल किंवा परवानगी अडकली असेल, तर भाडे दिवसागणिक चढतच राहते. ऊसतोडीची टोळी फडात येऊन बसावी आणि कारखान्याकडून तोडच मिळालेली नसावी, तशी ती अवस्था होते. यासाठी ठेकेदाराला एका तारखेला बांधण्याऐवजी दोन हंगामांची मुभा द्यावी आणि शेजारचे मंच एकाच मोहिमेत घ्यावेत.

मात्र या मुभेचा अर्थ चालढकल असा घेऊ नये. बंद मंचालाही तपासणी, गंजरोधक काम आणि दिशादर्शक दिवे लागतातच. सांगाडा काढणे थांबू शकते, विहिरी बंद करणे थांबवू नये, असे माझे मत आहे.

सांगाडा तिथेच सोडता येईल, हेही गृहीत धरू नये: आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या १९८९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७५ मीटरपेक्षा उथळ पाण्यातील आणि डेक (वरचा मजला) वगळून ४,००० टनांहून हलकी रचना सामान्यतः पूर्ण काढावी लागते, १९९८ पासून उभारलेल्यांसाठी ही खोली १०० मीटर आहे.

निधी उत्पादनाच्या काळातच साठवावा. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ३३एबीएने अशा ठेवीवर वजावट दिली होती. भंगाराची किंमत मात्र मूळ अंदाजातून वजा करू नये, कारण पोलादाचा भाव किती हलतो हे बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीवाले रोज पाहतात.