डीप क्लीनिंगनंतर क्लोरहेक्सिडीनची चूळ: कशी आणि किती दिवस?

हिरड्यांतून रक्त येतं म्हणून बरेच जण दुकानातून माउथवॉश आणतात आणि दाताच्या डॉक्टरांकडे जाणं लांबवतात. हिरडीखाली दगडासारखं घट्ट बसलेलं कीटण कुठल्याही चुळीने निघत नाही. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली फट १ ते ३ मिलिमीटर असते. ती खोल गेली की औषध तळाशी पोचतच नाही. त्यामुळे आधी स्केलिंग आणि रूट प्लेनिंग, म्हणजे हिरडीखालचं कीटण खरवडून दातांची मुळं गुळगुळीत करणं (हेच डीप क्लीनिंग), चूळ त्यानंतर.

सफाईनंतर काही दिवस हिरड्या हुळहुळतात, ब्रश नीट फिरवता येत नाही. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक चुळीच्या औषधाचा खरा उपयोग तेव्हा. ते दातांना आणि तोंडातल्या अस्तराला चिकटून राहतं, तासन्‌तास काम करतं. म्हणून दिवसातून दोनदा पुरतं.

बाटलीवरची टक्केवारी वाचा. ०.२ टक्के असेल तर १० मिली, एक मिनिट, ०.१२ टक्के असेल तर १५ मिली, अर्धा मिनिट. पाणी मिसळायचं का, ते डॉक्टरांना विचारा. ओठ मिटून औषध दातांच्या फटींतून खुळखुळवा आणि थुंका. गिळायचं नाही. त्यावर लगेच पाण्याची चूळ नको, अर्धा तास खाणंपिणंही नको.

सर्वांत जास्त चूक होते ती वेळेची. टूथपेस्टला फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट क्लोरहेक्सिडीनचा असर कमी करतं. ब्रश आणि चूळ यांत निदान अर्धा तास जाऊ द्या. सकाळचा चहा-नाश्ता आधी उरका, कारण चुळीनंतरच्या चहाने दातांवर तपकिरी डाग धरतात. रात्रीची चूळ अगदी झोपताना.

डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपले, बहुधा दोन आठवडे, की थांबा. लांबवलं तर डाग वाढतात, कीटणही जास्त साठतं. डाग पॉलिशिंगने जातात. या दिवसांत आमटी अळणी लागली तर वरून मीठ घेऊ नका; खारट चवच मंदावलेली असते, औषध थांबवल्यावर ती परत येते. अंगावर पित्त उठलं, चेहरा सुजला किंवा धाप लागली तर मात्र औषध बंद करून तडक दवाखाना गाठा.

मिश्री आणि तंबाखू सोडल्याशिवाय हिरड्या नीट भरून येत नाहीत, हे कळकळीने सांगते. मधुमेह असेल तर साखरही तपासून घ्या.

दीड-दोन महिन्यांनी डॉक्टर खुणा असलेल्या बारीक सळईने फटी पुन्हा मोजतात. ही भेट चुकवू नका. रक्त थांबलं तरी एखादी फट खोलच राहिलेली असू शकते, आणि तिथे पुन्हा सफाई किंवा छोटी शस्त्रक्रिया लागते.